थंडरबर्ड ५२ वरून १४० वर जायचंय, सासऱ्यांचा एकही मेल न हरवता

खारुताई | रवि, २१:४०

मंडळी, प्रश्न तांत्रिक आहे पण त्यामागे सासरे आहेत, तेव्हा जरा मनावर घ्या.

अण्णा (वय ७८, साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त, मुक्काम सांगली) २००९ पासून थंडरबर्डवर (मेल वाचायचा मोझिलाचा फुकट प्रोग्रॅम) मेल वाचतात. विंडोज ७ चा डेस्कटॉप आणि त्यावर थंडरबर्ड ५२. एकदा 'अपडेट करू का' म्हणून खिडकी उघडली होती. अण्णांनी 'नको' दाबलं आणि दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावून ती खिडकीच कायमची बंद करून घेतली. आता हार्ड डिस्क सुरू होताना जात्यासारखी घरघरते. नवऱ्याने विंडोज ११ चा लॅपटॉप आणून ठेवलाय, पण तीन आठवडे तो खोक्यातच आहे. अण्णांची अट एकच: "माझं एकही पत्र जाता कामा नये."

खातं पीओपीचं आहे, म्हणजे मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारं. सर्व्हरवर १४ दिवसांपलीकडचं काही राहत नाही, म्हणजे जे काही आहे ते त्या घरघरणाऱ्या डिस्कवरच. एकूण ११ जीबी, ६३ फोल्डर. त्यातला एक फोल्डर आहे 'कुमुद'. सासूबाई २०१६ मध्ये गेल्या. त्याआधी दोन वर्षं धाकट्या दिरांकडे बंगळूरला होत्या आणि तिथून अण्णांना एक-दोन दिवसांनी एक मेल टाकायच्या. "आज भेंडी आणली, जून निघाली. तुम्ही गोळी घेतलीत का?" एवढाच. त्यामुळे प्रयोग करायची माझी हिंमत नाही.

थेट नवीन आवृत्ती टाकली तर जुने मेल दिसतील का? आधी काय काय करून ठेवू?

---

तिसरा_डबा | रवि, २१:५२

मेल उतरवून घरात साठवणारे लोक अजून आहेत? आमच्याकडे लोणचंसुद्धा कुणी साठवत नाही आता.

---

पर्जन्य | रवि, २२:०५

एवढा खटाटोप कशाला? अण्णांना जीमेल उघडून द्या, जुने मेल एकदाच वर चढवा, विषय संपला. लॅपटॉप बदला, फोन बदला, फरक पडत नाही. एका डिस्कवर एकच प्रत ठेवायची आणि वर अपडेटला घाबरायचं, याला काही अर्थ नाही.

---

मी_पामर | रवि, २२:३८

खारुताई, आधी धीर धरा. आवृत्ती बदलल्यामुळे मेल खरोखर पुसले गेले असं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा मेल जागच्या जागी असतात आणि नवीन थंडरबर्ड भलत्याच खोलीचं दार उघडून बसलेला असतो. म्हणून पहिलं काम, मेल राहतात कुठे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

हेल्प मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. तिथे 'प्रोफाइल फोल्डर'समोर बटण आहे. त्यातून जो फोल्डर उघडेल (विचित्र आठ अक्षरं, मग टिंब, मग 'डिफॉल्ट' असं त्याचं नाव असतं) तोच अण्णांचा संसार. त्यात 'मेल' नावाचा फोल्डर, आणि आत 'इनबॉक्स' नावाची एक धिप्पाड फाइल, जिला पुढे एक्स्टेंशनच नाही. सगळे मेल एकापाठोपाठ एक त्या एका फाइलीत ओळीने लिहिलेले असतात. शेजारी 'इनबॉक्स.एमएसएफ' अशी छोटी फाइल दिसेल, ती फक्त सूची. पहिली म्हणजे धान्याची कणगी आणि दुसरी म्हणजे कणगीवर खडूने लिहिलेली यादी. यादी पुसली गेली तर थंडरबर्ड कणगीत डोकावून नवीन यादी करतो.

आता करायचं काय? थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि अख्खं प्रोफाइल उचला, नुसता 'मेल' फोल्डर नको. पासवर्ड, पत्तावही, फिल्टर सगळं त्याच्या आजूबाजूला असतं. दोन प्रती करा, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक नव्या लॅपटॉपवर. जुन्या मशीनवर काहीही अपग्रेड करू नका. जे प्रयोग करायचे ते नव्या लॅपटॉपवरच्या प्रतीवर. बिघडलं तर पुसून परत कॉपी करता येतं.

आणि ५२ वरून एकदम १४० वर उडी नको. ७८ मध्ये (२०२०) पत्तावही जुन्या '.एमएबी' प्रकारातून एसक्यूलाइटमध्ये (डेटाबेसचा एक प्रकार) गेली, जुनी ॲडऑन्सही त्याच आवृत्तीत कायमची बंद झाली. थांबे घेत जा: ६०, ६८, ७८, ९१, १०२, ११५, १२८, १४०. जुने इन्स्टॉलर मोझिलाच्या संग्रहात मिळतात. प्रत्येक थांब्यावर एकदा उघडायचं, मेल दिसतात का बघायचं, बंद करायचं. हे करताना वायफाय बंद ठेवा, नाहीतर ६० टाकून चहा घेऊन येईपर्यंत तो स्वतःच पुढच्या गाडीत चढलेला असेल.

---

आबा_मिरजकर | रवि, २३:१०

पामररावांशी सहमत. एक भर घालतो. काही करायच्या आधी अण्णांना वही घेऊन बसवा. प्रत्येक फोल्डरसमोर किती मेल आहेत तो आकडा त्यांच्या हाताने लिहून घ्या. केमिस्ट आहेत, त्यांना हे काम आवडेल. नंतर 'सगळे आले का' असं कुणी विचारलं तर वही उघडायची.

बाकी मी या सगळ्यातून १९९६ पासून जातोय. व्हीएसएनएलचं शेल खातं होतं, काळ्या पडद्यावर 'पाइन'मध्ये मेल वाचायचो. मॉडेम किंचाळून किंचाळून लागला की घरातला फोन बंद, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी ट्रंककॉल यायचा असायचा. नंतर युडोरा आला. त्यातही हाच प्रकार, '.एमबीएक्स' म्हणजे कणगी आणि '.टीओसी' म्हणजे यादी. १९९९ चे मेल माझ्याकडे अजून आहेत. साधा मजकूर असतो हो तो, नोटपॅडमध्येही उघडतो.

---

तिसरा_डबा | रवि, २३:१४

११ जीबी नोटपॅडमध्ये उघडून बघा आणि मग सांगा आबा.

---

एकारान्त | रवि, २३:३१

अवांतर: धाग्यात 'एकही मेल' आहे, 'सगळे मेल' आहे. मग मेल पुल्लिंगी? आमच्या नागपूरकडे 'मेल आली' म्हणतात. पुण्यातला मित्र 'मेल आला' म्हणतो. हापिसात एक बाई 'मेल आलं' म्हणतात. आणि 'विपत्र' म्हणणारे दोन जण मी प्रत्यक्ष पाहिले आहेत.

---

हणम्या | सोम, ००:०२

'मेल आली' म्हणजे कोल्हापुरात रेल्वे आली.

विषयावर येतो. पामर सांगतात ती एकच धिप्पाड फाइल, तिचा एक तोटा सांगायचा राहिला. माझ्या दुकानातल्या मशीनवर एक अँटीव्हायरस होता (नाव घेत नाही, आता तो नाहीच). कुणीतरी बिल म्हणून व्हायरस पाठवला. अँटीव्हायरसला तो सापडला, पण कुठं सापडला तर 'इनबॉक्स' नावाच्या फाइलीत. मग त्यानं ती फाइलच उचलून कोंडवाड्यात टाकली. सकाळी बघतो तर इनबॉक्स कोरा! चार वर्षांच्या ऑर्डरी. कोंडवाड्यातून परत काढता आलं म्हणून आज इथं लिहितोय. तेव्हा नवीन लॅपटॉपवर आधी प्रोफाइलचा फोल्डर अँटीव्हायरसच्या 'बघू नको' यादीत घाला, मगच कॉपी करा.

---

डोंबिवली_ते_डब्लिन | सोम, ०२:४७

आमची जुनी जखम आउटलुक एक्सप्रेसची. २००७ मधलं डोंबिवली, भारनियमन जोरात. एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून दर शंभराव्या वेळी बंद करताना तो विचारायचा, 'जागा मोकळी करण्यासाठी मेल दाबून बसवू का?' बाबांनी 'हो' म्हटलं, पट्टी अर्ध्यावर गेली आणि लाइट गेली. यूपीएस होता, पण तो केवळ बीप करण्यासाठी ठेवलेला. लाइट आल्यावर इनबॉक्स रिकामा. दोन दिवसांनी कुणीतरी सांगितलं, रीसायकल बिनमध्ये बघा, '.बॅक' नावाच्या फाइली असतील. होत्या! आईने त्या दोन दिवसांत बिन रिकामा केला नाही हे आमचं नशीब.

सांगायचं काय, तर प्रत घेण्याआधी थंडरबर्डनेही 'कॉम्पॅक्ट करू का' विचारलं तर नाही म्हणा.

---

मी_पामर | सोम, ०९:१५

डब्लिनकर, अगदी बरोबर, आणि त्याला अजून एक कारण आहे. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केला आणि कचरापेटी रिकामी केली तरी तो कणगीतून लगेच जात नाही. त्याच्या डोक्यावर 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी एक ओळ असते, तिच्यात ०००८ ची खूण पडते, म्हणजे 'हा दाखवू नको'. कॉम्पॅक्ट करेपर्यंत मजकूर तिथेच. मी एकदा प्रतीवर काम करून ती खूण ०००० केली, '.एमएसएफ' उडवली आणि सहा महिन्यांपूर्वी डिलीट केलेलं भाडेकराराचं पत्र परत आणलं. म्हणून आधी प्रत, मग सफाई.

पर्जन्य, तुमची सूचना अगदीच टाकाऊ नाही. आयमॅप खातं (ज्यात मेल सर्व्हरवरच राहतात) जोडून जुने फोल्डर वर ओढता येतात. पण ११ जीबी एकदम ओढू नका, दोन-तीनशे मेलच्या खेपा करा आणि 'मूव्ह' नको, 'कॉपी'. जीमेलची फुकटची १५ जीबी फोटो आणि ड्राइव्हसकट मोजतात, हेही लक्षात असू द्या. आणि आयमॅपमध्ये फोनवरून उडवलं की संगणकावरूनही उडतं.

---

पर्जन्य | सोम, ०९:४०

हेच तर म्हणतोय, एक प्रत वर असू दे. डिस्क घरघरतेय आणि आपण चार पानं कॉम्पॅक्टवर बोलतोय. खारुताई, कॉपी केली का?

---

खारुताई | सोम, २२:२०

सगळ्यांचे आभार. पर्जन्य, करतेय हो!

अण्णांना 'जीमेल' म्हटलं तर ते म्हणाले, "माझी पत्रं दुसऱ्याच्या कपाटात कशाला?" पुढे बोलणं झालं नाही.

आबा, तुमची वही हिट. अण्णांनी २०१९ ची कोरी डायरी काढली, पट्टीने रकाने आखले आणि दुपारभर बसून ६३ फोल्डर मोजले. हंगाम सुरू व्हायच्या आधी टाक्यांची मापं घ्यायचो तसं वाटतंय म्हणाले. 'कुमुद'समोर ४१७.

पण कॉपी अडली. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आहे, रिकामा आहे, तरी इनबॉक्सपाशी 'फाइल फार मोठी आहे' असं म्हणून थांबतो. इनबॉक्स ५.२ जीबी आहे. पेनड्राइव्ह नवा आहे हो, कालच आणलाय.

---

हणम्या | सोम, २२:२६

फॅट३२, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली मांडायची जुनी पद्धत. एका फाइलीला ४ जीबीची हद्द. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, जाईल. विंडोज ७ ला दोन्ही वाचता येतात.

---

खारुताई | सोम, २३:४८

गेली! दोन प्रती झाल्या. डिस्क घरघरली पण तरली.

---

खारुताई | मंगळ, २०:५५

वाचवा.

६० झालं, ६८ झालं, मेल दिसत होते. ७८ टाकलं आणि उघडलं तर एकदम कोरं. 'तुमचं खातं जोडा' म्हणून स्वागत करतंय. एकही मेल नाही. अण्णा मागे उभे होते. काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला आणि बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसलेत. घाबरून परत ६८ टाकलं तर ते म्हणतं, हे प्रोफाइल नव्या आवृत्तीत वापरलंय, उघडणार नाही.

---

मी_पामर | मंगळ, २१:०३

काही गेलेलं नाही. अण्णांना आत बोलवा.

मला सांगा, ७८ टाकताना ६४-बिट घेतलंत का? आणि ६८ पर्यंत ३२-बिट?

---

खारुताई | मंगळ, २१:०५

हो. नवीन लॅपटॉप म्हणून म्हटलं ६४ घ्यावं.

---

मी_पामर | मंगळ, २१:१९

मग हेच. ३२-बिटवाला एका फोल्डरात बसतो, ६४-बिटवाला दुसऱ्या. ६८ पासून थंडरबर्ड प्रत्येक जागेसाठी वेगळं प्रोफाइल धरतो. नवी जागा दिसली की त्याला वाटतं नवीन बिऱ्हाड आलंय, आणि 'डिफॉल्ट-रिलीज' नावाचं कोरं प्रोफाइल उघडून देतो. जुनं शेजारच्याच खोलीत असतं.

७८ पुन्हा उघडा. हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, त्यात 'अबाउट-प्रोफाइल्स'ची लिंक. दोन-तीन नावं दिसतील. ज्याचा रस्ता तुम्ही कॉपी केलेल्या फोल्डरकडे जातो त्याच्याखालचं 'सेट ॲज डिफॉल्ट' दाबा, बंद करून उघडा. यापुढे सगळे थांबे ६४-बिटचेच घ्या. आणि मागे फिरायचं असेल तर त्याच प्रोफाइलवर जुनी आवृत्ती लादू नका. त्यासाठीच दुसरी प्रत आहे.

---

तिसरा_डबा | मंगळ, २१:२१

मी पॉपकॉर्न आणलेत पण खाववत नाहीयेत. सांगा लवकर.

---

खारुताई | मंगळ, २१:४४

आले!!! अण्णा पण आले.

---

एकारान्त | मंगळ, २१:४६

'आले' म्हणजे पुल्लिंगी. नोंद घेतली.

---

खारुताई | गुरू, २२:३०

सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

बुधवारी ७८ ते १४० सगळे थांबे झाले, एकेका थांब्याला दहा मिनिटं. ११५ ला रूप एकदम बदलतं, अण्णांनी विचारलं "हे आपलंच का?" डायरी घेऊन जुळवायला बसलो. ६१ फोल्डर बरोबर. एकात आकडा जुळेना, कारण डायरीतच ७ चा १ वाचला गेला होता, ते अण्णांनी मान्य केलं नाही पण खोडलं. 'पावत्या' फोल्डरमध्ये मात्र विषय एका मेलचा आणि मजकूर भलत्याचा असं दिसत होतं. पामरांचं 'यादी पुसली तरी चालते' आठवलं. थंडरबर्ड बंद केला आणि उत्साहाच्या भरात त्या एकाचीच नाही, सगळ्या '.एमएसएफ' उडवल्या.

उघडलं. 'पावत्या' दुरुस्त. पण 'कुमुद' गायब.

डिस्कवर शोधलं. 'कुमुद' नावाची फाइलच नाही. म्हणून जुन्या प्रतीत बघितलं, तर तिथेही नाही! तेव्हा मात्र माझ्या पोटात खड्डा पडला. अण्णा शांतपणे डायरी घेऊन यादीवरून बोट फिरवत होते. एका ठिकाणी थांबले. आठ अक्षरांची खिचडी, इंग्रजी अक्षरं आणि आकडे, असा एक फोल्डर होता जो आधी कधी पाहिला नव्हता. त्यापुढे आकडा: ४१७.

उघडला. पहिलाच मेल, "आज भेंडी आणली."

---

मी_पामर | गुरू, २२:५२

हात जोडतो अण्णांना. आणि चूक माझी, हे सांगायला हवं होतं. देवनागरी नाव जुन्या विंडोजच्या इंग्रजी व्यवस्थेत फाइलीला देता येत नसे, तेव्हा थंडरबर्ड फाइलीला असं खिचडी नाव द्यायचा आणि खरं नाव लिहून ठेवायचा त्या '.एमएसएफ'मध्येच. यादी पुसली, नाव गेलं. मेल जागेवर, फक्त दारावरची पाटी पडली. फोल्डरवर उजवं क्लिक करून 'रिनेम' केलं की झालं. आणि एखादाच फोल्डर सुधारायचा असेल तर फाइली उडवू नका, 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिपेअर फोल्डर' आहे.

---

आबा_मिरजकर | गुरू, २३:०५

वही. मी काय म्हणालो होतो?

---

हणम्या | गुरू, २३:०९

आबा, कॉलर खाली करा. खारुताई, नवीन मेल येतायत का पण? ७८ पासून जुनं टीएलएस (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीची पद्धत) १.० आणि १.१ आपोआप बंद असतं. सर्व्हर म्हातारा असला तर जोडणीच होत नाही.

---

खारुताई | शुक्र, ०८:१२

नव्हते येत. बुधवारपासून एकही नाही, आणि मला वाटलं अण्णांना कुणी लिहीतच नाही. सेवादाराला फोन केला, त्यांनी सांगितलं पोर्ट ११० नको, ९९५ आणि एसएसएल टाका. टाकलं, धडाधड एकोणीस आले, त्यातले सोळा क्रेडिट कार्डवाले.

पर्जन्य, तुमच्यासाठी: एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे, ती दिरांकडे बंगळूरला जाणार. 'दुसऱ्याचं कपाट' नको, मुलाचं चालेल म्हणाले.

---

पर्जन्य | शुक्र, ०८:३०

चालेल. दर सहा महिन्यांनी नवी प्रत पाठवा मात्र.

---

एकारान्त | शुक्र, ०८:४१

सगळं छान झालं, पण मूळ प्रश्न राहिलाच. ते ४१७ मेल परत 'आले' की परत 'आल्या'?

---

खारुताई | शुक्र, ०८:५८

अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "पत्रं. पत्रं आली."

---

निवांत_नाना | शुक्र, १३:२०

धागा आत्ता वाचला. माझ्याकडे आउटलुक एक्सप्रेसच्या २००४ च्या '.डीबीएक्स' फाइली एका सीडीवर आहेत. सीडीवर बारीक बुरशी दिसतेय. इथेच विचारू की नवीन धागा काढू?

---

मी_पामर | शुक्र, १३:२६

नवीन काढा. पण सीडी आधी कॉपी करा. आत्ता.